आम्हांस पुन्हा अक्षम ठरविण्याबाबत

दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. नियंत्रक अधिकारी,
दूरस्थ कुशल स्वयंसेवक कक्ष
(लघु सेवाभावी संस्था क्षमता-बांधणी योजना),
पुणे शहर.

विषय : 'सोबत रुग्णसाहित्य केंद्र', कसबा पेठ, या संस्थेस दिलेले 'सक्षम संस्था' प्रमाणपत्र रद्द करून संस्थेस पूर्ववत अक्षम घोषित करण्याबाबत.

संदर्भ : १) आपले प्रमाणपत्र, दि. १५ सप्टेंबर २०२५ (सोनेरी चौकटीसह).
२) अर्जदाराचे यापूर्वीचे सहा अर्ज, ज्यांना उत्तर आलेले नाही.
३) आपले दि. १० नोव्हेंबरचे पत्र, जे आले आहे, पण उत्तर नाही.

महोदय,

१. अर्जदार श्री. नागोराव गजघाटे, वय ७१, मूळचा भंडाऱ्याकडचा, गेली चाळीस वर्षे पुण्यात, पाटबंधारे खात्यातून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त, याचा हा सविनय अर्ज. 'सविनय' हा शब्द नमुन्यात असतो म्हणून लिहिला आहे. चौतीस वर्षे अर्जदाराने दुसऱ्यांचे अर्ज वाचले, त्यांवर शेरे मारले आणि ते दप्तरी दाखल केले. तेव्हा या अर्जाचे पुढे काय होणार याची त्याला पुरती कल्पना आहे. अर्ज मुद्दाम तृतीयपुरुषी लिहिला आहे. अर्जात 'मी' लिहिणारा माणूस दुसऱ्या पानावर रडायला लागतो आणि तिसऱ्या पानावर मुद्दा हरवून बसतो, असा अनुभव आहे. अर्जदाराला मुद्दा हरवायचा नाही.

२. सोबत केंद्र कसबा पेठेत तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत चालते. आजारी माणसाला घरी लागणाऱ्या वस्तू, म्हणजे चाकाची खुर्ची, वॉकर, कमोडची खुर्ची, लोखंडी पलंग, हवेची गादी, ऑक्सिजनचे यंत्र, या वापरायला द्यायच्या आणि गरज संपली की परत घ्यायच्या, एवढेच काम. सहा वर्षांपूर्वी त्याची सुरुवात एका चाकाच्या खुर्चीने झाली. ती खुर्ची अर्जदाराची पत्नी इंदुबाई हिच्यासाठी आणली होती. ती गेल्यावर रिकामी खुर्ची घरात बघवेना, म्हणून अर्जदाराने ती शेजारच्या आळीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना दिली, आणि तिथून काम वाढत गेले. आज अर्जदार आणि निवृत्त परिचारिका शर्मिलाताई भोकरे असे दोघे मिळून केंद्र चालवतात. शर्मिलाताई तोंडाने फटकळ आहेत. रुग्णाला कुशीवर वळवताना त्यांचा हात कसा असतो, ते आपल्याला पडद्यावरून दिसणार नाही.

३. केंद्राच्या भिंतीवर एक सागवानी फळी आहे. तिच्यावर तांब्याचे खिळे आहेत, आणि ते पेठेतलेच कारागीर श्री. सीताराम पोटफोडे यांनी स्वतः घडवून ठोकले आहेत. एका घराला एक खिळा, एका खिळ्याला एक कार्ड. कार्डावर रुग्णाचे नाव, घरच्यांचा फोन आणि दिलेली वस्तू. प्रत्येक कार्डाला वर एक आणि खाली एक अशी दोन भोके असतात. खालचे भोक कार्ड बनवतानाच पाडलेले असते आणि त्याविषयी कुणी बोलत नाही. माणूस आहे तोवर कार्ड सरळ. माणूस गेला की शर्मिलाताई ते उलटे टांगतात. वर्ष भरले की कार्ड उतरवून पेटीत ठेवायचे.

नियम एकच. आधी खिळ्याकडे बघायचे, मग तोंड उघडायचे. उलट्या कार्डाच्या घरी फोन करायचा नाही, वस्तू मागायची नाही, 'आता कसं आहे?' असे तर चुकूनही विचारायचे नाही. तेरावे उरकले, किंवा आमच्या बौद्ध घरांत पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, की घरचे कुणीतरी आपण होऊन वस्तू घेऊन येते. शर्मिलाताई वस्तू घेतात, चहा देतात आणि ऊनपावसाचे बोलतात. हा नियम अर्जदारानेच घातला आहे. सहा वर्षांत एकही वस्तू हरवली नाही आणि एकाही घरी आम्ही जखमेवर बोट ठेवले नाही. कार्ड क्र. १ हे इंदुबाईचे. ते मात्र पेटीत गेलेले नाही. सहा वर्षे फळीच्या डाव्या कोपऱ्यात उलटेच आहे. त्याचे कारण या अर्जाच्या विषयात बसत नाही.

४. असे असताना आपल्या कक्षाची अवदसा का आठवली, हेही सांगणे भाग आहे. दोनशे बारा घरे झाल्यावर फळी दोघांना आवरेना. कोणती खुर्ची कुठल्या घरी आहे हे शर्मिलाताईंना तोंडपाठ; पण त्या दोन दिवस गावाला गेल्या की अर्जदार आंधळा. माणसे भर उन्हात येत आणि वस्तू शिल्लक नाही म्हणून रिकाम्या हाताने परत जात. त्या सुमारास आपली जाहिरात वाचनात आली की, संगणकाची विद्या असलेली मंडळी घरबसल्या लहान संस्थांना विनामोबदला मदत करतील आणि त्यांची क्षमता वाढवतील. अर्जदाराने अर्ज केला. तो तीन दिवसांत मंजूर झाला, तेव्हाच संशय यायला हवा होता.

आम्हांला मिळालेले स्वयंसेवक म्हणजे अभिनव. वय सव्वीस, राहणार कात्रज, नोकरी संगणकाच्या कंपनीत. पोरगा गुणी आहे, हे शत्रूच्या गोटातला असूनही मान्य करतो. अकरा संध्याकाळी पडद्यावर बसून त्याने शर्मिलाताईंना यादी भरायला शिकवली. एकदा तो म्हणाला, "ताई, तुम्ही भारी फास्ट शिकता हो!" त्यावर शर्मिलाताई म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं माणसांच्या शिरा शोधल्यात. तुझं बटण सापडायला कितीसा वेळ लागतोय." त्याच्या यादीमुळे विसरलेले दोन पलंग सापडले, आणि हवेची गादी शिल्लक आहे की नाही ते लोकांना आता घरूनच कळते. चांगल्याला चांगले म्हणून झाले. या अर्जात पुन्हा तसा प्रसंग फारसा येणार नाही.

५. कात्रजहून कसब्यात यायला बसने पाऊण तास लागतो. अभिनवने कक्षाला दोनदा विचारले की, मी एकदा जाऊन केंद्र बघून येऊ का. कक्षाने दोनदा कळवले की योजना दूरस्थ आहे, प्रत्यक्ष भेटीचे तास धरता येणार नाहीत, आणि भेट दिल्यास तो नियम ७ चा भंग होईल. म्हणून तो आला नाही. त्याच्याकडे भिंतीचे फोटो गेले. शर्मिलाताईंनी एकेका कार्डाचा फोटो काढला, जसे टांगले होते तसा. दोनशे बारा फोटो झाले. दुसऱ्या दिवशी अभिनवचा संदेश आला, तो जसाच्या तसा देत आहे : "काका, ४१ फोटो उलटे आले होते, मी सगळे सरळ करून घेतलेत. डेटा एकदम क्लीन. नो टेन्शन." अर्जदाराने तो संदेश वाचला आणि उत्तरादाखल अंगठ्याचे चित्र पाठवले.

स्वतःची चूक अर्जदाराला लपवायची नाही. उलट्या कार्डाचा अर्थ अभिनवला आम्ही कुणीच सांगितला नव्हता. सांगावा लागेल, असे मनातही आले नाही. फळीसमोर उभा राहिलेला माणूस दोन मिनिटांत आपसूक आवाज खाली आणतो, मग विचारतो, मग त्याला कळते. फोटोसमोर बसलेल्याला विचारायला काही उरतच नाही. अशा रीतीने एका दुपारी, चहा पिता पिता, एक्केचाळीस माणसे सरळ करण्यात आली.

६. दि. १५ सप्टेंबरला योजनेने ठरवून दिलेले अभिनवचे चाळीस तास भरले. त्याचे खाते बंद झाले आणि आम्ही सक्षम झालो. दि. २२ सप्टेंबर, सोमवार, सकाळी नऊ वाजता नव्या यादीला जोडलेल्या यंत्रणेने केंद्राच्या क्रमांकावरून दोनशे बारा घरांना आपोआप पहिला संदेश धाडला. मजकूर कक्षाने ठरवून दिलेला होता : 'नमस्कार! आपले रुग्ण (नाव) आता कसे आहेत? ठणठणीत असल्यास १, सुधारणा असल्यास २, तसेच असल्यास ३ दाबा.' चौथा पर्याय नाही. बहुधा आपल्या कक्षात कुणी मरत नसावे. उत्तर न दिल्यास पुढच्या सोमवारी तीच विचारणा, वर 'आपल्या उत्तराची वाट पाहत आहोत' ही ओळ. ऐन दिवाळीतला सोमवारही सुटला नाही. माणूस गेलेल्या ज्या घरांनी यंदा आकाशकंदील लावला नव्हता, तिथे शुभेच्छा आणि विचारणा एकदमच पोहोचल्या.

७. वर उल्लेखिलेले श्री. सीताराम पोटफोडे यांच्या पत्नी हिराबाई दि. २ सप्टेंबरला गेल्या. त्यांना २२ तारखेला संदेश आला, २९ तारखेला पुन्हा आला. ६ ऑक्टोबरला तिसऱ्यांदा आला, तेव्हा त्यांनी संतापून १ दाबला. यंत्रणेने लिहिले, 'अभिनंदन! आपली यशोगाथा आम्हांला हवी आहे. कृपया रुग्णाचा ताजा फोटो पाठवा.' सीतारामांनी फोटो पाठवला. ताजाच होता. भिंतीवरचा, चंदनाच्या हारासकट.

तो फोटो गेले सहा आठवडे आपल्या कक्षाच्या संकेतस्थळावर 'बरे झालेले चेहरे' या सदरात पहिल्या रांगेत झळकत आहे. खाली हिरवी खूण आणि 'ठणठणीत!' हा शब्द. हे पान कक्षात रोज उघडले जाते असे कळते. हार कुणालाच दिसला नाही. संस्थांची क्षमता मोजणाऱ्या कार्यालयात एकालाही डोळे नसावेत, याचे अर्जदाराला नवल वाटत नाही. चौतीस वर्षे तो अशाच कार्यालयात बसत होता.

त्यानंतर सीताराम केंद्रात आले. ते ओरडले असते तर बरे झाले असते. फळीसमोर उभे राहून ते हळू आवाजात म्हणाले, "गजघाटे, तुम्ही शिकलेली माणसं. मला एवढंच सांगा, ती ठणठणीत झाली असेल तर अजून घरी का नाही आली?" मग सीतारामांनी खिशातून पक्कड काढली, हिराबाईंचे कार्ड उतरवून टेबलावर ठेवले, आपल्याच हातचा खिळा फळीतून उपटला, तोही शेजारी ठेवला आणि ते निघून गेले. फळीवर त्या जागी आता भोक आहे.

८. पेठेत बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. कुणाकडे संदेश आला आणि कुणाकडचे माणूस गेले, याचा हिशेब लोकांनी आपल्या पद्धतीने जुळवला. आता कसब्यात आणि शनिवार पेठेत सरळ बोलले जाते की, ज्या घरी केंद्राचा सोमवारचा मेसेज येतो, त्या घरचे माणूस वाचत नाही. हसण्यावारी नेण्याचा विषय नाही. लोक वस्तू परत आणून टाकत आहेत, आणि त्यांची माणसे अजून अंथरुणात आहेत.

शनिवार पेठेतले भैरू नावाचे गृहस्थ अर्धांगवायूने सात महिने पडून आहेत. त्यांना हवेची गादी दिली होती. मागच्या महिन्यात त्यांची सून गादी परत घेऊन आली. म्हणाली, "काका, गादी चांगली आहे हो, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण तुमचा तो मेसेज नको आमच्या घरात." शर्मिलाताईंनी तासभर समजावले. उपयोग झाला नाही. आता त्या एक दिवसाआड जाऊन भैरूंची पाठ धुऊन देतात. पाठीची जखम आधी रुपयाएवढी होती, आता पुरीएवढी आहे. गादी आमच्याकडे घडी करून ठेवली आहे. अशा सव्वीस वस्तू आजवर परत आल्या.

म्हणून स्पष्ट लिहितो. हा अर्ज कुणाच्या भावना दुखावल्याचा नाही. सोमवारचा संदेश थांबला, तर शर्मिलाताई गादी घेऊन भैरूंच्या दारात पुन्हा उभ्या राहू शकतील. तो थांबला नाही, तर भैरूंची पाठ सडत जाईल. हे कलम कृपया दोनदा वाचावे.

९. मग संदेश थांबवत का नाही, असे आपण विचाराल. थांबवायला संकेतशब्द लागतो. संकेतशब्द अभिनवच्या स्वयंसेवक-खात्यात आहे. खाते बंद आहे. ते उघडायला नवे तास मंजूर व्हावे लागतात. नवे तास फक्त अक्षम संस्थेला मिळतात. आणि आम्ही, आपल्या कृपेने, सक्षम आहोत.

अर्जदाराने कक्षाच्या मदत क्रमांकावर फोन केला. रुपाली मॅडम म्हणून कुणी आहेत. त्या म्हणाल्या, "सर, तुमची संस्था सक्षम झाली ना? मग हे तुम्हांलाच जमायला पाहिजे." जमत नाही असे सांगितल्यावर म्हणाल्या, "मग लोकांना तुमचा नंबर ब्लॉक करायला सांगा ना, सिंपल आहे." तो नंबर केंद्राचा आहे. तोच बंद केला तर ऑक्सिजनचे यंत्र हवे असलेल्या माणसाने फोन कुठे लावायचा, असे विचारल्यावर, "ते फीडबॅकमध्ये टाका" असा सल्ला मिळाला. फीडबॅकचा नमुना उघडला. पर्याय तीन : समाधानी, अतिशय समाधानी, भारावून गेलो. अर्जदाराने 'समाधानी' दाबले, कारण त्यांतल्या त्यात शिवीच्या जवळचे तेवढेच होते. क्षणात उत्तर आले, 'धन्यवाद! आपण समाधानी असल्यामुळे आपली तक्रार बंद करण्यात येत आहे.' अर्जदाराने नोकरीत बऱ्याच तक्रारी बंद केल्या. पण इतक्या सफाईने त्याला कधी जमले नाही.

१०. दि. १२ ऑक्टोबर, रविवार, अभिनव नियम ७ मोडून बसने कसब्यात आला. फळी त्याने पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. आवाज खाली आणून विचारले, "ही उलटी का आहेत?" शर्मिलाताईंनी एका वाक्यात सांगितले. पोरगा स्टुलावर बसला. म्हणाला, "ताई, मी त्या सगळ्यांना सरळ केलं." शर्मिलाताई म्हणाल्या, "केलंस. आता रडत बसू नकोस. चप्पल घाल आणि चल माझ्याबरोबर."

तेव्हापासून दर रविवारी ते दोघे उलट्या कार्डांच्या घरी पायी जातात. अभिनव दारात उभा राहून आपले नाव सांगतो आणि चूक माझी होती असे म्हणतो. आजवर तेवीस घरे झाली. काहींनी तोंडावर दार लावले. एका घरी जेवायला बसवले. सीतारामांनी सगळे ऐकून घेतले आणि तो निघताना म्हणाले, "पुढच्या रविवारी ये." तो जातो. दोघे काय बोलतात ते अर्जदाराला माहीत नाही.

याच अभिनवने, खाते दोन तासांसाठी उघडून द्यावे, असा आपल्याकडे अर्ज केला आणि त्यात प्रामाणिकपणे लिहिले की, मी स्वतः जाऊन चूक पाहून आलो आहे. त्याला उत्तर मिळाले. त्याला तातडीने मिळते. 'लाभार्थी संस्थेत प्रत्यक्ष उपस्थिती आढळून आल्याने नियम ७ अन्वये आपणास एक वर्ष स्वयंसेवेस मनाई करण्यात येत आहे.' माणूस माणसाच्या दारात जाऊन उभा राहिला, याला आपल्या कार्यालयात भंग म्हणतात. आम्ही त्याला कसब्यात येणे म्हणतो.

११. आता आपले दि. १० नोव्हेंबरचे पत्र. त्यात भैरूंचे नाव नाही, हिराबाईंच्या फोटोचा उल्लेख नाही. दि. ३० नोव्हेंबरच्या सोहळ्यात सोबत केंद्राचा सत्कार होणार आहे, आणि त्या वेळी अर्जदाराने ती खिळ्यांची फळी 'कालबाह्य पद्धतीचे प्रतीक' म्हणून कक्षाच्या स्वाधीन करावी, ती दर्शनी भागात काचेच्या कपाटात ठेवण्यात येईल, असे कळवले आहे. शाल व श्रीफळ कक्षातर्फे.

फळी मिळणार नाही. मागायला कुणी आले, तर शर्मिलाताई दारात असतील. सत्कारास अर्जदार येणार नाही. प्रमाणपत्र सध्या केंद्राच्या भिंतीवर उलटे टांगले आहे. त्याचा अर्थ कलम ३ मध्ये दिला आहे.

१२. सबब, अर्जदाराची मागणी अशी की :

(अ) सोबत केंद्र हे पूर्णतः अक्षम असल्याचे लेखी जाहीर करावे. पुरावा म्हणून हे आठ आठवडे पुरेसे आहेत.

(ब) अभिनववरील मनाई उठवून त्याचे खाते तात्काळ उघडावे. काम दोन तासांचे आहे. ते तो केंद्रात, फळीसमोर बसून करील.

(क) हिराबाईंचा फोटो आजच्या आज उतरवावा, आणि आपण स्वतः सीताराम पोटफोडे यांच्या घरी जाऊन तसे सांगावे. त्यांच्या बोळात गाडी जात नाही. चालत जावे लागेल.

(ड) यापुढे कोणत्याही संस्थेत दूरस्थ स्वयंसेवक पाठवण्यापूर्वी त्याला एकदा तरी, बसने का होईना, तिथे जाऊ द्यावे. पडद्यावरून विद्या देता येते हे अभिनवने दाखवले आहे. काय विचारायचे ते पडद्यावरून कळत नाही, हेही त्यानेच दाखवले आहे.

१३. शेवटची एक विनंती आहे. ती वरील सर्व मजकुराशी विसंगत आहे, याची अर्जदाराला जाणीव आहे.

कार्ड क्र. १ वर फोन क्रमांक अर्जदाराचाच आहे. त्यामुळे दर सोमवारी नऊ वाजता अर्जदाराचाही फोन वाजतो : 'नमस्कार! आपले रुग्ण इंदुबाई आता कसे आहेत?' पहिल्या सोमवारी अर्जदाराने फोन भिंतीवर फेकून मारला. त्याचा कोपरा फुटला आहे. दुसऱ्या सोमवारी उत्तर दिले नाही. तिसऱ्या सोमवारी ३ दाबला, 'तसेच आहेत'. यंत्रणेने लिहिले, 'काळजी घ्या. पुढील सोमवारी पुन्हा विचारू.' आणि खरोखरच विचारले.

उलट्या कार्डाच्या घरी काही विचारायचे नाही, हा नियम अर्जदाराने घातला आणि पेठेने तो अर्जदाराच्या बाबतीतही काटेकोर पाळला. सहा वर्षांत एकाही माणसाने त्याच्यासमोर इंदुबाईचे नाव काढलेले नाही. शर्मिलाताई त्याला चहा देतात आणि ऊनपावसाचे बोलतात. त्यांची काही चूक नाही. नियम चांगला आहे, तो बदलायचा नाही. पण हल्ली सोमवारी पावणेनऊपासूनच अर्जदार तो फुटका फोन पुढ्यात घेऊन बसलेला असतो.

तरी दोनशे अकरा घरांचे संदेश ताबडतोब बंद करावेत आणि कार्ड क्र. १ चा चालू ठेवावा. नियमात बसत नसल्यास बसवावा. कारण विचारू नये. मी सांगणार नाही.

नमुन्यापुरता आपला नम्र,

(सही)
नागोराव गजघाटे
सोबत रुग्णसाहित्य केंद्र, कसबा पेठ, पुणे

सोबत जोडले :
१) यापूर्वीच्या सहा अर्जांच्या पोचपावत्या.
२) 'बरे झालेले चेहरे' या पानाची प्रत. हाराभोवती लाल शाईने गोल केला आहे.
३) भैरू यांच्या पाठीचे फोटो, दोन. जेवणापूर्वी पाहू नयेत, पण पाहावेत.
४) तांब्याचा खिळा, एक. सीताराम पोटफोडे यांच्याकडे जाताना बरोबर न्यावा. त्यांनी घेतल्यास तो फळीवर परत ठोकला जाईल.
५) कार्ड क्र. १ ची छायाप्रत. ती उलटी जोडली आहे. कृपया सरळ करू नये.